एस्थरचं कडवं

एस्थर टीचर खोटं बोलत नाहीत, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. फक्त त्यांच्या माहेरी कुणाला माहीत नव्हतं.

वसईजवळच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर तिसरी-चौथीची मुलं शिकवली. वर्गात कुणाची पट्टी चोरीला गेली तर टीचर नुसत्या सगळ्यांकडे बघायच्या आणि पट्टी आपोआप बाकावर यायची, असं त्यांचे जुने विद्यार्थी अजून सांगतात. त्यातल्या काहींची मुलं आता कॉलेजात आहेत, तरी रस्त्यात टीचर दिसल्या की ते हातातली सिगारेट पाठीमागे लपवतात. बाजारात भाजीवाली त्यांना तराजू दाखवत नाही आणि त्याही बघत नाहीत. अशी ही बाई दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून थोरल्या भावाच्या घरी जायची, आणि ओटीची पायरी चढली की तिच्या शब्दाला काडीची किंमत उरायची नाही.

त्या घरात एक म्हणायची पद्धत होती. नातवंडानं दूध प्यायलो म्हणून सांगितलं आणि पेला तसाच भरलेला सापडला, की आजी, म्हणजे टीचरांच्या वहिनी कॅथरिन आंटी, म्हणायच्या, ‘हे एस्थरचं कडवं दिसतंय.’ केबलवाला उद्या येतो म्हणाला, एस्थरचं कडवं. निवडणुकीत कुणी रस्त्याचं आश्वासन देऊन गेला, एस्थरचं कडवं. सगळे हसायचे. टीचरही हसायच्या. मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्या माझ्यासमोर बसून सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, खात होत्या, आणि हसता हसता त्यांनी हातातला तुकडा बशीत परत ठेवला. बाकी कुणाचं लक्ष नव्हतं. मला मात्र तेव्हाच राग आला, आणि मला राग आला की तो लवकर जात नाही.

मी त्या घरची कुणी नव्हे. मी वसुंधरा, नायगावला खाडीकडच्या नव्या टॉवरमध्ये राहते, बँकेत नोकरी करते, आणि मला जुन्या रेकॉर्डींचं वेड आहे. हे वेड जागा खातं, त्यामुळे माझ्या घरात ते कुणाला आवडत नाही. टीचरांचे थोरले भाऊ बॅप्टिस्ट अंकल यांना ते माझ्याहून जास्त आहे, म्हणून मी रविवारी त्यांच्याकडे जायला लागले.

आमचा एक रेकॉर्ड क्लब आहे. मुंबईतली काही हौशी मंडळी तो चालवतात. बंद पडलेल्या कंपन्यांच्या जुन्या टेपा शोधायच्या, हक्क मिळवायचे, आणि दर महिन्याला एक जुनी एलपी नव्यानं काढून सभासदांना पाठवायची, हे त्यांचं काम. गंमत अशी की कुठली रेकॉर्ड येणार ते आधी सांगत नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ग्रुपवर एक खूण टाकतात. कव्हराचा नखाएवढा कोपरा, तोही काळ्या-पांढऱ्यात, आणि काही सेकंदांचं संगीत, ज्यात गाणाऱ्याचा आवाज मुद्दाम नसतो. मग आम्ही सगळे ओळखत बसतो. बक्षीस काहीही नाही. तरी नालासोपाऱ्याचे एक औषधवाले गिऱ्हाईक उभं ठेवून कानाला फोन लावतात, आणि मी स्वतः एकदा बारशाच्या पाळण्यापाशी उभी राहून खूण ऐकली होती. माझी नणंद अजून ते काढते.

बॅप्टिस्ट अंकल कधी घाई करायचे नाहीत. त्यांची उभी हयात टेलिफोनच्या नोकरीत गेली. खांबावर चढायचं, तारेला फोन जोडायचा आणि बिघाड कुठे आहे ते कानानं ओळखायचं. खूण ते एकदाच ऐकायचे आणि ओटीवरच्या आरामखुर्चीत डोळे मिटून पडायचे. समोर केळीची वाडी, वाडीच्या कडेला बावखल, म्हणजे शिंपण्यासाठी राखलेलं तळं, आणि त्याच्या पलीकडे कुणाचा तरी पंप चालू असायचा. अंकल झोपले असं आम्हाला वाटायला लागलं की ते हळूच म्हणायचे, ‘खोली लहान आहे. खिडकी उघडी राहिलीये. पेटीवाला म्हातारा आहे.’ आणि मग रेकॉर्डचं नाव सांगायचे. ते नाव चुकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

‘कसं ओळखता?’ मी एकदा विचारलं.

‘ओळखत नाही मी,’ ते म्हणाले. ‘मी त्या खोलीत जाऊन येतो.’

दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर मी नाक मुरडलं असतं. पण त्या ओटीवर बसलं की मलाही काहीबाही व्हायचं. केळीच्या पानांतून ऊन हलत हलत लाद्यांवर यायचं, आतून कॅथरिन आंटींच्या स्वयंपाकाचा वास यायचा, आणि मधेच कळेनासं व्हायचं की कानात जे वाजतंय ते प्लेयरवर लावलेलं आहे की मागच्या रविवारचं आठवतंय. घरी परतायचं आहे हे मी विसरून जायची.

त्यांच्या कपाटात पहिल्या जागी एक निळ्या कव्हराची एलपी होती, ‘ओहोटीची गाणी’. एका छोट्या कंपनीनं ती काढली होती आणि ती कंपनीही केव्हाच बुडाली. तिच्यातलं पहिलं गाणं म्हणजे त्या गावाचं स्वतःचं गाणं. अंकलचे वडील लग्नकार्याला लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचे आणि प्रत्येक मांडवात ही रेकॉर्ड लावायचे. गाणं असं सुरू व्हायचं:

ओहोटी गं ओहोटी, पाणी गेलं लांब गं,
जाळ्यामध्ये सापडल्या दोन चांद…

आणि इथे सुई उडी मारायची. ‘चांदण्या’ पुरत्या व्हायच्या आत शब्द तुटायचा आणि थेट गाण्याची शेवटची ओळ लागायची: परत येता भरती, दारामध्ये थांब गं. गावानं ते तसंच पाठ केलं. ‘दोन चांद परत येता भरती.’ बँडवाले अजून तसंच वाजवतात. अंकलच्या पुतणीच्या, जेसिकाच्या लग्नात मी ते डोळ्यांनी पाहिलं. सगळा मांडव नाचत होता. त्या जागी सुरांना ठेच लागली, आणि मांडवातल्या सगळ्या पायांनी ती ठेच एकदम घेतली. एकटी मीच पुढे गेले आणि एका म्हाताऱ्या बाईच्या पायावर पाय दिला.

‘दोन चांद कुठले हो आजी?’ सॉरी म्हणून झाल्यावर मी विचारलं.

‘येक वरती आनि येक बावखलात,’ ती शांतपणे म्हणाली. ‘दोनी परत आले का मंग भरती येते.’

मला ते इतकं पटलं की पुढे कितीतरी दिवस खाडीच्या पुलावरून जाताना मी खाली पाण्यात बघायची. चुकीतून एखादं गाव इतकं सुंदर काही बनवू शकतं याचा मला हेवा वाटायचा. त्या चुकीची किंमत कुणी मोजली होती ते मला अजून कळायचं होतं.

ती ठेच टीचरांची होती. वडिलांनी रेकॉर्ड आणली ती उपवासकाळात. त्या दिवसांत त्या घरी गाणी लावत नसत, म्हणून ती कपाटावर तशीच राहिली आणि ईस्टरच्या सकाळी पहिल्यांदा लागली. घर पाहुण्यांनी भरलेलं, आई चुलीपाशी, वडील पेले भरण्यात गुंतलेले, आणि पंधरा वर्षांचे बॅप्टिस्ट मिस्सेत फादरांना मदत करणारे वेदीसेवक म्हणून चर्चमध्येच मागे राहिलेले. नऊ वर्षांची एस्थर मात्र प्लेयरवर वाकून ऐकत होती. ते गाणं अथपासून इतिपर्यंत कान देऊन ऐकलेली ती घरातली एकटीच. संपल्यावर तिनं ते पुन्हा लावलं. फिरणाऱ्या लेबलवर काय लिहिलंय ते त्या अंधाऱ्या कोपऱ्यात दिसेना, म्हणून चर्चमधून आणलेली मेणबत्ती पेटवून जवळ धरली, आणि मेण गळलं. घाबरून तिनं ते सुरीनं खरवडलं. त्या दिवसापासून सुई तिथे टिकली नाही.

मार बसला तो ती विसरली. पण दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं की तिथे एक अख्खं कडवं होतं आणि ते तिला येतं. पाहुण्यांसमोर तिनं ते म्हणून दाखवलं:

मिठागरी चंद्र सुकला,
मूठभर मी आणला गं,
घरात कुणी मानेना,
पाण्यामध्ये सोडला गं.

घरभर हशा पिकला. चंद्र कधी सुकतो का? तोही मिठागरात? आणि ‘घरात कुणी मानेना’ म्हणे. पोरीनं रेकॉर्डची वाट लावली ती लावली, वर स्वतःची तक्रार गाण्यात बसवली. वडील हसून म्हणाले, ‘हे एस्थरचं कडवं,’ आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. खोटं सांगायचं असतं तर तिनं जरा साधंसं सांगितलं असतं, एवढा विचार त्या घरात कुणी केला नाही.

बॅप्टिस्ट अंकलनी पुढे त्याला शास्त्र पुरवलं. सुईनं उडी मारल्यावर, ‘परत येता’च्या आधी, क्षणभर व्हायोलिनचं शेपूट ऐकू येतं हे त्यांनी हेरलं. म्हणजे मधे व्हायोलिन आहे, कडवंबिडवं काही नाही. आणि ते व्हायोलिन त्यांना ऐकूही यायला लागलं. सुई उडायची त्या क्षणी ते डोळे मिटायचे. एक लांब सूर आहे, म्हणायचे, ओहोटीला चिखल उघडा पडतो ना, त्याच्यावरून सरकत सरकत येणारा, आणि घरापर्यंत आला की वळतो. त्यांनी मला तो गुणगुणून दाखवला होता. जन्मभर मनात वागवलेला सूर होता तो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगायचं तर त्या दुपारी माझाही त्यांच्यावरच विश्वास बसला. टीचर आत कॅथरिन आंटींबरोबर कांदे चिरत होत्या. त्यांना ते ऐकू गेलं असणार.

मग मी हळूहळू टीचरांकडे बघायला लागले. त्यांचं लग्न आगाशीकडच्या ऑस्कर नावाच्या साध्या कारकुनाशी झालं. संसार चांगला झाला, दोन मुलं परदेशी गेली, ऑस्कर मागच्या वर्षी गेले. शाळेत त्यांनी सगळं शिकवलं, फक्त गाण्याचा तास कधी घेतला नाही. प्रार्थनासुद्धा त्या मुलांकडून म्हणून घ्यायच्या आणि स्वतः हात जोडून गप्प उभ्या राहायच्या. आवाज वाईट असेल असं सगळे समजायचे.

एका रविवारी वाडीत त्या जास्वंदी तोडत होत्या तेव्हा मी सरळ विचारलं, ‘टीचर, तुम्हाला ते कडवं खरंच आठवतं?’

त्यांनी हो म्हटलं नाही. ‘मी म्हणत आलेय खरी,’ त्या म्हणाल्या. मग बराच वेळ फुलं तोडत राहिल्या. ‘बाबा गेले तेव्हा मी उशाशी होते. विचारावंसं वाटलं, बाबा, तुम्ही मला खोटारडी समजता का. नाही विचारलं. मरणाऱ्या माणसाला काय छळायचं? आता दादा आहे. आमच्यातलं एक जण जायच्या आत ते एकदा लागावं, वसुंधरा. काय असेल ते असो, पण लागावं.’

मी तशीच ओटीवर गेले आणि अंकलना विचारलं की तुम्ही दुसरी प्रत का शोधत नाही. जगातली कुठलीही रेकॉर्ड हुडकून काढणारा माणूस.

‘मिळत नाही ती,’ ते म्हणाले आणि प्लेयरची धूळ पुसायला लागले.

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. पहिल्या रविवारी सकाळी खूण आली तेव्हा मी ओटीवरच होते. कव्हराचा कोपरा नुसता करडा. संगीतात एकटं व्हायोलिन, साधं, एकच ओळ वाजवून थांबणारं. अंकलनी ऐकलं, डोळे मिटले. ऊन लादीवरून भिंतीवर चढलं. मला डुलकी लागली असावी, कारण आवाज आला तेव्हा मी दचकले.

‘हॉल मोठा आहे,’ अंकल म्हणत होते. ‘वाजवणारा गोव्याकडचा. बाहेर झाडं आहेत. हे गाणं नाही, हे वाद्यसंगीत आहे.’ आणि त्यांनी एका जुन्या व्हायोलिनच्या एलपीचं नाव सांगितलं, ग्रुपवर टाकलंही. ग्रुपवर लगेच अंगठे उठले. अंकल बोलले म्हणजे विषय संपला.

मला पटलं नव्हतं असं नाही. सवयीनं मी फोनवर खूण पुन्हा लावली, एवढंच. टीचर तेवढ्यात छत्री मिटत पायरी चढत होत्या. त्या तिथेच थांबल्या.

‘परत लाव गं,’ त्या म्हणाल्या.

मी लावलं. त्यांनी पर्स कठड्यावर ठेवली, आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा गाता आवाज ऐकला. तो वाईट नव्हता. जरा घोगरा, न वापरलेला. ‘मिठागरी चंद्र सुकला’ पासून त्या म्हणत गेल्या, ‘सोडला गं’ वर आल्या आणि त्यांनी माझ्या फोनवर बोट टेकवलं. व्हायोलिननं तीच चाल तिथून उचलली आणि वाजवून पूर्ण केली.

‘हे त्याच गाण्यातलं आहे, दादा,’ टीचर म्हणाल्या. ‘कडवं संपतं आणि हे लागतं.’

अंकलनी डोळे उघडले नाहीत. ‘चाल तू आत्ता ऐकलीस, एस्थर. कडवं तिच्यावर बसवलंस.’

‘मी लहानपणी याच चालीत म्हटलं होतं.’

‘लहानपणी कुठल्या चालीत म्हटलंस ते कुणाला आठवतंय? मी या रेकॉर्डबरोबर म्हातारा झालो. तिचा एकेक सूर मला ठाऊक आहे. हा सूर तिच्यात नाही.’

आतून कॅथरिन आंटी बाहेर येत म्हणाल्या, ‘एस्थरचं…’ आणि टीचरांचा चेहरा बघून गप्प झाल्या.

टीचरांनी पर्स उचलली. ‘मला घरी थोडं काम आहे,’ त्या म्हणाल्या आणि उतरून गेल्या. रविवारी त्या घरी न जेवता गेल्याचं आंटींना आठवत नव्हतं.

मी भडकले होते. अंकलच्या ओटीवर बसून अंकलना काही बोलणं शोभलं नसतं, म्हणून मी फोन काढला आणि माझं उत्तर टाकलं: ‘ओहोटीची गाणी’. खात्री मुळीच नव्हती. ग्रुपवर दोघांनी हसणारे चेहरे टाकले, औषधवाल्यांनी तर ‘ताई, घरच्या घरी बंड?’ असं लिहिलं. रिक्षात बसल्यावर मला एकदम सुचलं. अंकलना त्या रेकॉर्डचा एकेक सूर ठाऊक होता हे खरंच होतं. ठाऊक नव्हते ते फक्त मेणाखाली गेलेले, आणि क्लबनं त्यातलेच उचलून पाठवले असतील तर जगात हाच एक माणूस असा होता की ज्याला ते ओळखता येणं शक्य नव्हतं. ज्याच्याकडे ती रेकॉर्डच नव्हती त्यालाही अंदाज करता आला असता.

दहा-बारा दिवसांनी क्लबनं कव्हर जाहीर केलं. निळं. ओळखणारी मी एकटी. अभिनंदनाचा पाऊस पडला तेव्हा मी लिहिलं की हे उत्तर माझं नाही, एस्थर टीचरांचं आहे, त्या क्लबच्या सभासदही नाहीत. बॅप्टिस्ट अंकलनी काहीच लिहिलं नाही. पुढे पार्सलं आली, लोकांनी आपापल्या रेकॉर्डींचे फोटो टाकले, तरी अंकल गप्प. मी माझी प्रत फोडली नाही. ते ऐकायचा पहिला हक्क माझा नव्हता.

मग कॅथरिन आंटींचा फोन आला. ‘यांनी पार्सल कपाटावर ठेवून दिलंय. हात लावू देत नाहीत. नीट जेवतही नाहीत. तू ये.’

मी गेले तेव्हा अंकल खुर्चीत नेहमीसारखे पडलेले होते, पण डोळे उघडे. वाडीत वारा नव्हता. केळीची पानं नुसती लोंबत होती, आणि बावखलात त्यांची सावली इतकी स्थिर होती की वाडी खाली आहे की वर ते कळू नये.

‘ते लावलं की माझं व्हायोलिन जाणार,’ ते म्हणाले.

‘आणि नाही लावलं तर?’ मी म्हटलं. मला समजूतदारपणे बोलायचं होतं, पण जमलं नाही. ‘तर टीचर जातील. आधीच दोन रविवार आल्या नाहीत.’

मी निघताना ते म्हणाले, ‘या रविवारी एस्थरला तू घेऊन ये. मी बोलावलं तर यायची नाही ती.’

टीचर आल्या. पाहुण्यासारख्या खुर्चीच्या टोकावर बसल्या. कॅथरिन आंटी, मुलगा-सून, नातवंडं, सगळे दिवाणखान्यात जमले. अंकलनी पार्सल कापलं, रेकॉर्ड कडेनं धरून बाहेर काढली, उजेडात फिरवून पाहिली. कुठे ओरखडा नव्हता. त्यांनी सुई ठेवली.

गाणं सुरू झालं आणि सवयीनं सगळ्यांचे ओठ हलायला लागले. ‘जाळ्यामध्ये सापडल्या दोन चांद’ म्हणून सगळं घर एका दमात ‘परत येता भरती’ वर गेलं, आणि रेकॉर्ड मात्र संथपणे म्हणाली, ‘…ण्या भिजून गं.’ सगळे उघड्या तोंडानं थांबले. धाकटा नातू फिदीफिदी हसला, त्याला आईनं गप्प केलं.

मग पन्नास वर्षांपूर्वीची ती बाई गायला लागली: मिठागरी चंद्र सुकला.

टीचर कुणाकडेच बघत नव्हत्या. त्यांचे ओठ तेवढे हलत होते. मूठभर मी आणला गं. एका जागी फरक पडला. रेकॉर्डवर होतं, ‘घरात कुणी पाहीना’; टीचरांच्या ओठांवर ‘मानेना’ होतं. तो एक शब्द त्यांचा होता. बाकी अक्षर न अक्षर तेच. पाण्यामध्ये सोडला गं, आणि व्हायोलिन आलं, तेच साधं, एका ओळीचं. अंकलनी मला गुणगुणून दाखवलेला तो लांब सूर त्यात कुठेच नव्हता. मला विचाराल तर अंकलचं व्हायोलिन जास्त सुंदर होतं. पण ते रेकॉर्डवर नव्हतं.

गाणं संपलं तशी अंकलनी सुई उचलली. कॅथरिन आंटी पदरानं डोळे पुसत होत्या. अंकल प्लेयरला पाठ टेकून उभे राहिले, आणि एखाद्यानं आजार सांगावा तसं म्हणाले, ‘एस्थर, ही मला एकदा मिळाली होती.’

‘कुठे?’

‘गिरगावात, एका जुन्या सामानवाल्याकडे. चांगली प्रत होती. हातात घेतली होती मी. परत ठेवून आलो.’

‘कधी?’

‘बाबा होते तेव्हा.’

माझं डोकं असं तापलं होतं की मी त्या जागी असते तर ती नवी रेकॉर्ड गुडघ्यावर मोडली असती. टीचर कधी नव्हे त्या ओरडतील असं मला वाटलं. ओरडाव्यात असं फार वाटलं. त्या मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या.

‘दादा,’ त्या म्हणाल्या, ‘मला वाटायला लागलं होतं की ते मीच बनवलं. तुम्ही सगळे इतकं म्हणायचात. पुढे पुढे मी ते मनातसुद्धा म्हणायचं सोडून दिलं. वाटायचं, मी इतकी खोटी आहे की मला स्वतःलाच कळत नाही.’

अंकल तिच्यापाशी गेले. त्यांचे गुडघे धरलेले असतात, तरी खुर्चीचा हात पकडून खाली लादीवर बसले.

‘तू नाही बनवलंस,’ ते म्हणाले.

‘पुन्हा सांग,’ टीचर म्हणाल्या.

अंकलनी पुन्हा सांगितलं.